शेवटचं रीळ

एक पिक्चर, दोन टॉकीज, पेटी एकच.
वेशीतल्या टॉकीजला खेळ नऊला लागायचा,
चौकातल्या टॉकीजला पावणेदहाला,
आणि मधे मी. सायकल. करिअरवर सुतळीनं बांधलेला डबा.
तिकडं रीळ उतरलं की इकडं आणायचं, गरम गरम,
कढईतनं भजी आणल्यासारखं.

मला पिक्चर कधी सलग दिसला नाही.
शेवट मात्र पाठ. सगळे शेवट पाठ.
बाप जहागीरदार, नाहीतर जात आडवी,
पोरीला विष चांदीच्या पेल्यातनं,
आणि पूर यायचा तर नेमका त्याच रात्री, त्या दोघांच्याच नावेला.
आमच्या सीनेला कधी दिसलाय असला पूर?
लोक सव्वा रुपया देऊन रडायचे.
विडीवाल्या बाया पदरानं डोळे पुसायच्या,
पदराला तंबाखू, म्हणून अजून रडू.

गणपतीत मिलच्या पटांगणात नाटक.
राजकन्या आणि माळ्याचं पोर.
राजकन्या म्हणजे स्पिनिंगचा कोंडाप्पा.
मिशी उतरवायला दरवर्षी रुसायचा,
पण मरायचा काय सुरेख!
"बाबा, फुलाला कुणी जात विचारतं का?"
असं म्हणून एका कुशीवर, पदर सावरून.
जॉबर रडले. मुकादम रडला. मीही रडलो बे.

त्याच कोंडाप्पाला राजम्मा दिलेली.
म्हणजे द्यायची ठरलेली. सख्खी भाची.
त्यांच्यात चालतं, मामाचा हक्क.
आणि राजम्माचा जीव लिंबाजीवर,
जो दुसऱ्यांच्या वरातीत क्लॅरोनेट फुंकायचा
आणि जेवायला पंगतीबाहेर बसायचा.
कळलं तेव्हा कोंडाप्पानं बाहेरून कडी घातली.
फूलबिल काही म्हणाला नाही.

गड्डा भरलेला. गल्ली ओस. कडी कुणी काढली
ते मी आजही सांगणार नाही.
चौदा नंबरचा डबा घेऊन निघालो
तर मागाच्या शेडआड ती उभी.
"मल्लन्ना, ठेसन."
एवढंच.

टॉकीज डावीकडं. ठेसन उजवीकडं.
ती करिअरवर, डबा तिच्या मांडीवर.
"जड हाय. काय हाय ह्यात?"
"शेवट," म्हणालो.
तिनं तो घट्ट धरला, खड्ड्यात पडू नये म्हणून.

वाडीकडची पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट.
लिंबाजी बाकड्यावर, टॉवेलात गुंडाळलेलं क्लॅरोनेट.
कडक भाकरी होती, शेंगाचटणी होती,
तिघांपैकी कुणालाच गिळेना.

तिकडं चौकात पडदा पांढरा.
नायक, नायिका, एकच घोडं, डोंगराकडं निघालेली,
आणि पुढं काही नाही.
जिवंत. दोघंही.
पब्लिकनं खुर्च्या मोडल्या. चपला, शिट्ट्या, पैसे परत.
एक म्हातारा म्हणे मॅनेजरची कॉलर धरून ओरडत होता,
"मारा की त्यांना! मारल्याबिगर घरी कसं जायचं?"

माझी नोकरी गेली, दोन दात गेले.
पुढच्या गणपतीत कोंडाप्पा पुन्हा मेला, पदर सावरून.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
हाताला सवय.

दीड वर्षानं एक कार्ड आलं.
शिक्का पुसलेला, गाव कळेना.
सगळं तेलुगूत, गोल गोल अक्षरं,
भरलेल्या बॉबिनी एका ओळीत लावाव्या तशी.
अर्ध्या गल्लीला वाचता येतं. मला येत नाही.

मिल बंद पडून जमाना झाला.
टॉकीजमध्ये आता टॉवेलांच्या गाठी रचतात.
कार्ड डब्यात, डबा खाटेखाली.
शेजारची पोर तेलुगू शाळेत जाते.
परवा म्हणाली, "काका, वाचून दाखवू का?
चारच तर ओळी हायेत."

म्हटलं, थांब गं.
घोडं अजून डोंगरापर्यंत पोचलं नाही.